बिस्कीट कुठे गेलं? तान्हं बाळ, थोरली ताई आणि फोटोतला पुरावा

मागच्या महिन्यात दोघा-तिघांनी साधारण एकच प्रश्न विचारला. "विषय ठरलाय, साहित्य म्हणून घरगुती फोटो वापरायचेत, पण फोटो 'वाचायचा' म्हणजे नक्की करायचं काय?" उत्तर द्यायचं मी टाळत होते, कारण याच प्रश्नावर मी स्वतः नुकतीच आपटलेय. तेव्हा आज सिद्धान्ताऐवजी एक फोटो घेऊ या आणि माझी चूकही सांगते.

फोटो असा आहे. पांढऱ्या लोकरी चादरीवर नऊ दिवसांचं बाळ झोपलंय. शेजारी त्याची थोरली बहीण, दोन वर्षं आठ महिन्यांची, जाळीचा फिकट गुलाबी फ्रॉक घालून पालथी पडलीय. डोळे मिटलेले, ओठ बाळाच्या कपाळावर. उजवा हात चादरीवर, मूठ हलकेच मिटलेली. मागे काहीच नाही, नुसता धूसर उजेड. तुम्ही असे शंभर फोटो पाहिले असतील. नवजात बाळांच्या फोटोंचा जो प्रकार गेल्या काही वर्षांत आपल्याकडे रुजला, त्यातला हा ठरलेला 'भावंडांचा फोटो'.

तो मी माझ्या प्रकरणाच्या मसुद्यात घातला होता. खाली ओळ लिहिली होती: 'भावंडांमधील जिव्हाळ्याची दृश्य मांडणी'. बाईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, मसुदा चाळला, त्या पानावर थांबल्या आणि एवढंच विचारलं, "हिच्या मुठीत काय होतं गं?"

काहीच दिसत नव्हतं, पण मूठ रिकामी असल्यासारखी वाटत नव्हती. आणि मला आठवलं. मुठीत अर्धं ग्लुकोज बिस्कीट होतं. मीच दिलं होतं.

त्या सकाळी काय झालं

हे घर अलिबागजवळचं, माझ्या मावशीचं. मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, ती दुसऱ्या बाळंतपणालाही माहेरी आली होती. थोरलीला आपण इथे चिमी म्हणू. खरं नाव देत नाही, का ते पुढे येईल.

बाराव्या दिवशी बारसं. त्याचं निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं आणि त्यावर बाळाचा फोटो हवा, म्हणून घाई. दुसरं कारण फोटोग्राफरचं होतं. नवजात बाळाचे असे फोटो साधारण पहिल्या दोन आठवड्यांत काढतात, कारण तेव्हा बाळ जास्त वेळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं गुंडाळून ठेवता येतं. इथे आजीचा नियम आडवा आला. सव्वा महिना होईपर्यंत बाळंतीण आणि बाळ उंबरा ओलांडणार नाहीत, फोटो तर मुळीच नाही, दृष्ट लागते. शेवटी तडजोड झाली. स्टुडिओत जायचं नाही, फोटोग्राफर घरी येईल आणि बाळाच्या गालावर तीट राहील. (अंतिम फोटोत तीट नाही. ती कुठे गेली, हेही पुढे कळेल.)

माजघरातली गादी खिडकीशी ओढली. बाळाचे कपडे काढायचे होते, म्हणून खोली उबदार हवी. खिडक्या लावल्या, पंखा बंद, वर एक हीटर. नऊ दिवसांच्या उघड्या बाळाला ती ऊब लागतेच. पण जाळीच्या फ्रॉकमधली चिमी दहा मिनिटांत घामाघूम. एकाच खोलीत दोन मुलांच्या दोन गरजा आणि फोटो एकाच्याच गरजेप्रमाणे बेतलेला. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, टिपण पुन्हा वाचताना आलं.

आणखी एक गोष्ट. चिमीचे बाबा मुंबईला नोकरी करतात. त्या शनिवारी सकाळी ते भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरले आणि थेट घरी आले. दोन आठवड्यांनी बाबा दिसले होते. तिला बाबांच्या खांद्यावर बसायचं होतं आणि आम्ही सगळे तिला सांगत होतो, "बाळाजवळ झोप, बाळाची पापी घे."

पहिली पंधरा मिनिटं नकार. मग रडणं. मग एक खोडी: तिने बाळाची लोकरी टोपी ओढून काढली. मग फोटोग्राफरने, अगदी गोड माणूस होता, सांगितलं, "काहीतरी खायला द्या, शांत होईल." मी बिस्कीट दिलं. "आता बाळाच्या कपाळावर वास घे बघू, पावडरचा कसा येतो?" ती वाकली, नाक टेकलं, डोळे मिटले. क्लिक. आपण बघतोय ती पापी नाही, वास घेणं आहे.

ती लगेच उठून बसली आणि म्हणाली, "झाला? आता ह्याला ठेवा."

आम्ही हसलो. पण विचार करा. त्या सकाळभर चादर, टोपली, टोपी, लाकडी चंद्र अशा वस्तू एकेक करून आणल्या गेल्या, फोटो झाला की परत पिशवीत ठेवल्या गेल्या. बाळही तसंच आणलं जात होतं आणि आईकडे परत ठेवलं जात होतं. त्या खोलीत काय चाललंय, हे तिला आमच्यापेक्षा नीट कळलं होतं.

मग मी फोटोग्राफरकडून मूळ फाइल मागवली. त्याने काही न लपवता पाठवली. मूळ चित्रात बिस्कीट आहे, फ्रॉकवर चुरा आहे, बाळाच्या गालावर तीट आहे आणि उजव्या कडेला ताईचा हात आहे, बाळाच्या डोक्यापासून चार बोटांवर, पटकन पकडता यावं म्हणून. अंतिम चित्रात यातलं काहीच नाही. हात कापला, बाकीचं पुसलं.

यात फसवणूक झाली असं मला म्हणायचं नाही. ताईने पैसे याच कामाचे दिले होते. फसले ती मी, कारण मी त्या चित्राला पुरावा म्हटलं.

पुसलेला हात नवा नाही

फोटोतून माणसं पुसणं सॉफ्टवेअरने सुरू केलं असं वाटत असेल, तर एकोणिसाव्या शतकातले युरोप-अमेरिकेतले मुलांचे फोटो बघा. तेव्हा काचेची किंवा पत्र्याची ओली पट्टी वापरायचे आणि प्रकाश काही सेकंद घ्यावा लागायचा. तेवढा वेळ बाळ स्थिर कसं राहणार? मग आई खुर्चीसारखी बसायची, तिच्या अंगावर पडदा किंवा गालिचा टाकायचे आणि मांडीवर बाळ. अशा फोटोंना आज 'लपलेली आई' म्हणतात. लिंडा फ्रेग्नी नागलर या कलाकाराने असे फोटो मोठ्या संख्येने जमवले आणि २०१३ मध्ये ते त्याच नावाच्या पुस्तकात आले. एकदा का पडद्याखालचा आकार ओळखता आला, की बाळाकडे बघताच येत नाही. नजर त्या बुरख्यासारख्या खुर्चीवरच जाते.

आजच्या प्रकारातही हेच तंत्र आहे. हनुवटी दोन्ही हातांवर टेकून बसलेलं नवजात बाळ तुम्ही पाहिलं असेल. तसं कुठलंही बाळ बसत नाही, त्याची मान ते पेलूच शकत नाही. मोठ्या माणसाने एका फोटोत डोकं धरायचं, दुसऱ्यात मनगटं धरायची आणि दोन्ही जोडून हात पुसायचे. जाणकार फोटोग्राफर हे उघडपणे सांगतात, आणि सांगायलाच हवं, कारण चित्र खरं समजून घरी कोणी प्रयत्न केला तर बाळाला इजा होईल. भोपळ्यात, फुलात, टोपलीत बाळ ठेवायची हौस जगभर पोहोचवण्यात अ‍ॅन गेडेस यांचा वाटा मोठा. त्यांचं 'डाउन इन द गार्डन' १९९६ चं. आपल्याकडच्या टोपल्या त्याच वंशावळीतल्या. फक्त आमच्या फोटोग्राफरने अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी टोपलीभोवती गुंडाळायचा घाट घातला होता. आजीने वासामुळे ती बाहेर ठेवायला लावली.

म्हणजे काय, तर बाळाचा फोटो हा पहिल्यापासून कोणाच्या तरी पुसलेल्या हातावर उभा आहे. पण लपलेल्या आईच्या फोटोत आणि चिमीच्या फोटोत एक फरक आहे. तिथे आधार लपवला होता. इथे आधाराबरोबर नाखुशीही पुसली गेली.

थोरल्या भावंडावर अभ्यास काय सांगतात

आता समीक्षेसाठी थोडं बाहेरचं बळ घेऊ. ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडमध्ये केंब्रिज परिसरातल्या ४० कुटुंबांचा अभ्यास केला. दुसरं मूल होण्याआधीपासून त्या घरी जात होत्या आणि धाकटं १४ महिन्यांचं होईपर्यंत जात राहिल्या. त्यांचं पुस्तक १९८२ चं, 'सिब्लिंग्ज: लव्ह, एन्व्ही अँड अंडरस्टँडिंग'. शीर्षकातच माया आणि असूया शेजारी आहेत. त्या घरांत काय दिसलं? आई बाळाला घेऊन किंवा पाजत बसली, की थोरल्याच्या मुद्दाम केलेल्या खोड्या वाढत. चिकटणं, रडणं, झोप बिघडणं हेही दिसलं. आणि त्याच मुलांमध्ये बाळाबद्दलचं कुतूहल, मदत करायची धडपड, स्वतःच्या हाताने जेवायची नवी ऐट हेही दिसलं. एकाच मुलात, एकाच आठवड्यात.

मला सगळ्यात भिडलेला निष्कर्ष बोलण्याबद्दलचा आहे. ज्या घरांत आई पहिल्या आठवड्यांत थोरल्याशी बाळाबद्दल 'माणूस' म्हणून बोलत होती, म्हणजे 'त्याला भूक लागली असेल का?', 'त्याला कशाचा राग आला असेल?' असं, तिथे वर्षभरानंतर दोन्ही भावंडं एकमेकांशी जास्त मैत्रीने वागताना आढळली. मात्र हा संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेली गोष्ट नाही. ज्या आईला असं बोलायला उसंत मिळते, तिच्या घरी बाकीचंही बरंच वेगळं असू शकतं. तुमच्या प्रबंधात असा निष्कर्ष लिहाल तेव्हा 'आढळलं' आणि 'मुळे झालं' यांची गल्लत करू नका.

पुढे मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा व्होलिंग यांनी २०१२ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. नंतर २४१ कुटुंबांचा स्वतःचा दीर्घ अभ्यासही मांडला. त्यांचं म्हणणं सरळ आहे. धाकटं आलं की थोरल्यावर संकटच कोसळतं, या समजुतीला फारसा आधार नाही. बहुतेक मुलं जुळवून घेतात, काहींना जड जातं आणि मुलामुलांत फरक खूप असतो.

आता चिमीच्या फोटोकडे परत या. डनच्या वह्यांमध्ये जे होतं, म्हणजे टोपी ओढणं, बाबांकडे धावणं, 'ठेवा' म्हणणं, ते सगळं त्या सकाळी माझ्यासमोर घडलं. फोटोत आलं फक्त एक पाव सेकंद. फोटोग्राफरने साधारण चारशे क्लिक केले, ताईला बावीस फोटो मिळाले, त्यातल्या तिनांत चिमी आहे आणि तिन्हीत ती गोड आहे. मी त्या तिनांवरून जिव्हाळा सिद्ध करायला निघाले होते. चारशेतून तीन निवडायचे आणि मग त्या तिनांचा कल मोजायचा, ही आपल्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांनी पहिल्याच तासाला दाखवलेली चूक. फोटो समोर आला की आपण ती विसरतो.

'तयारी'च्या सल्ल्यांची झाडाझडती

अशा फोटोंआधी पालकांना एक यादी मिळते. ताईलाही मिळाली होती. ती यादीसुद्धा साहित्यच आहे, तेव्हा तिचीही समीक्षा करू. माझी कसोटी एकच: हा सल्ला मुलासाठी आहे की चित्रासाठी?

'थोरल्याची झोप आणि जेवण झाल्यावरची वेळ घ्या, त्याचे फोटो आधी उरका.' दोघांसाठीही चांगला. आमच्याकडे नेमका उलटा झाला. बाळ झोपलंय म्हणून आधी तासभर त्याचे एकट्याचे फोटो, मग भुकेली, उकडलेली चिमी.

'बाळाकडून थोरल्याला भेट द्या.' निरुपद्रवी, पण मुलं भोळी नसतात. चिमीने बाहुली घेतली आणि विचारलं, "ह्याने पैसे कुठून आणले?"

'ताई झाले असं लिहिलेला टीशर्ट घाला', 'छोटी आई म्हणून फोटो काढा.' इथे मी थांबते. अडीच वर्षांच्या मुलीला आई म्हणणं कौतुकाचं वाटतं, पण ती स्वतः अजून आईच्या मांडीसाठी भांडत असते. आणि 'छोटा बाबा' असा फोटो मी तरी आमच्या भागात पाहिलेला नाही. थोरला मुलगा असला की फोटोत तो बाळाचा राखणदार, 'बॉस' वगैरे होतो. चित्र मुलाला वाचायच्या आधीच त्याचं काम ठरवून ठेवतं. या मुद्द्यावर स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो, कोणाला हवा असेल तर घ्या.

'बाळाला थोरल्याच्या मांडीवर द्या.' हा सल्ला अर्धवट लिहिला जातो. पूर्ण असा हवा: थोरलं जमिनीवर किंवा रुंद गादीच्या मधोमध बसलेलं, पाठीला उशी, आणि मोठ्या माणसाचा हात बाळाच्या डोक्याशी, सतत. उभं राहून किंवा खुर्चीत कधीच नाही. दोघांना शेजारी झोपवणं त्याहून सोपं. थोरल्याला सर्दी-खोकला असेल तर पापीचा फोटोच नको. इतक्या लहान बाळाला साधा तापही थेट दवाखान्यात नेतो.

'बक्षीस कबूल करा.' हा सल्ला चित्रासाठी. चालतो, पण मग त्या चित्राला 'उत्स्फूर्त' म्हणू नका. मी बिस्कीट दिलं, हे मी चित्राखाली लिहायला हवं होतं.

यादीत नसलेला एक सल्ला मी जोडेन. बाबा त्याच दिवशी भेटणार असतील, तर पहिला तास थोरल्याचा. किनाऱ्यावर न्या, वाडीत फिरवा, खांद्यावर बसवा. कॅमेरा त्यानंतर. आणि थोरलं 'नाही' म्हणालं तर त्या दिवसापुरता भावंडांचा फोटो नाही, हे मोठ्यांनी आधी आपापसात ठरवून ठेवा. फोटोग्राफर दारात आल्यावर ते ठरवता येत नाही, कारण तेव्हा पैसे, बारसं आणि पाहुणे सगळे त्या मुलीच्या विरुद्ध बाजूला उभे असतात.

१९९७ चा एक फोटो

आता तुलनेसाठी दुसरा फोटो. हा माझा आहे. रेवदंड्याच्या घरी लोखंडी कपाटात, पिवळट पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि कारंजं. खुर्चीवर उशी, उशीवर तीन महिन्यांचा माझा भाऊ. सव्वा महिना उलटून गेल्यावर स्टुडिओत नेला होता. शेजारी मी, पावणेतीन वर्षांची. माझे गाल ओले आहेत, तोंड भावाकडे नाही, दिव्याच्या छत्रीकडे आहे. डाव्या कडेला आईचा हात आहे, माझा फ्रॉक मागून घट्ट धरलेला. मी पळून जात होते.

आई म्हणते, "किती रडलेलीस! दुसरा काढायचा तर वेगळे पैसे सांगितले, मग हाच घेतला." रोल महाग, धुलाई महाग, म्हणून माझं रडणं टिकलं. त्या काळच्या फोटोंत काही जास्त प्रामाणिकपणा होता असं नाही. पडद्यावरचं कारंजं काही रेवदंड्यात नव्हतं. फक्त पुसणं परवडत नव्हतं. चारशे क्लिकमध्ये ते परवडतं.

या फोटोत आणखी एक गोष्ट आहे, जी मला पस्तिसाव्या वाचनानंतर दिसली. हा माझा स्टुडिओतला पहिला फोटो. माझ्या जन्मानंतर कोणी मला स्टुडिओत नेलं नव्हतं. भाऊ झाला तेव्हा नेलं आणि त्याच्याबरोबर मीही आले. म्हणजे माझा पहिला फोटो खरं तर त्याचा आहे, मी त्यात आहे एवढंच. पिएर बूर्द्यू यांनी १९६५ मध्ये फ्रेंच मध्यमवर्ग आणि खेड्यांतल्या छायाचित्रणावर लिहिताना दाखवलं होतं, की कुटुंब फोटो काढतं ते आपले मोठे क्षण साजरे करण्यासाठी, आपण एक आहोत हे स्वतःला दाखवण्यासाठी. मला त्यात एवढंच जोडावंसं वाटतं: कुठला क्षण 'मोठा' हे कोण ठरवतं, ते फोटो कधी काढला यावरून कळतं. चित्राच्या आत बघण्याआधी त्याची तारीख बघा. आमच्या घरी ती तारीख भावाच्या जन्मानंतरची आहे. चिमीचंही तेच. तिच्या वेळी घरी फोटोग्राफर आला नव्हता, मोबाइलवर भागलं होतं. ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, तेव्हा कुठे होतं हे सगळं?" असेलही तसंच. एका घरावरून मी नियम काढणार नाही. पण प्रश्न प्रश्नावलीत घालणार.

मरियान हिर्श यांच्या १९९७ च्या 'फॅमिली फ्रेम्स'मध्ये कौटुंबिक नजरेची कल्पना आहे. फोटोतली माणसं एकमेकांना 'आई', 'मूल', 'ताई' अशा साच्यातून बघतात आणि बघणाराही तोच साचा घेऊन येतो. मी चिमीच्या फोटोकडे मावशी म्हणून बघितलं आणि मला पापी दिसली. बाई नात्यातल्या नव्हत्या. त्यांना मूठ दिसली.

मग तुम्ही काय करायचं

घरगुती फोटो साहित्य म्हणून घेणार असाल, तर प्रत्येक फोटोबरोबर चार गोष्टी नोंदवा, अगदी वहीत दोन ओळींत का होईना.

पहिली, फोटो कधी आणि कशासाठी काढला. बारसं, निमंत्रण, जाहिरात, सासरी पाठवायला.

दुसरी, किती काढले आणि किती ठेवले. हे विचारायला लाज वाटते, पण लोक सांगतात.

तिसरी, काय पुसलं किंवा कापलं. मूळ फाइल मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर सावल्या, मुठी, कपड्यांच्या चुण्या, नजरेची दिशा बघा. जी नजर चौकटीबाहेर जाते, तिथे कोणीतरी उभं आहे.

चौथी, तुम्ही कुठे होतात. मी खोलीत होते, मी बिस्कीट दिलं. त्यामुळे मी निरीक्षक उरले नव्हते, त्या चित्राच्या तयारीत सामील होते. हे लिहिल्याने प्रबंध कमजोर होत नाही. लपवल्याने होतो.

आणि शेवटचा मुद्दा, परवानगीचा. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय नीतितत्त्वांप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. ७ ते १२ वयात मुलाचा तोंडी होकारही घ्यायचा आणि त्यापुढे लेखी. ७ च्या आत पालकांची संमती पुरते. म्हणजे कागदावर चिमीला विचारायची गरज नव्हती, ताईची सही माझ्याकडे होती. पण ती पंधरा मिनिटं 'नाही' म्हणत होती, हे मी माझ्याच टिपणात लिहिलंय. पालकांच्या सहीने मुलाचा नकार पुसला जातो का? नियमाच्या पलीकडे जाऊन मी माझ्यापुरतं ठरवलं, की नाही. तो फोटो प्रबंधातून काढला. त्याचं वर्णन ठेवलं, नाव बदललं. आज इथेही फोटो दिलेला नाही तो म्हणूनच.

प्रकरणाचं शीर्षकही बदललं. आता तिथे जिव्हाळा हा शब्द नाही. चिमीला भावाबद्दल माया आहे की नाही, यावर माझ्याकडे पुरावा नाही आणि तो फोटोत मिळणारही नाही. तो मिळालाच तर ताईच्या मावशीकडच्या ओटीवर मिळेल, रोज, वर्षभर बसल्यावर. माझ्याकडे पुरावा आहे तो वेगळ्या गोष्टीचा: माया दिसावी म्हणून एक घर किती धडपडतं आणि त्या धडपडीत सगळ्यात जास्त काम कोणाकडून करून घेतलं जातं.

बारशाला निमंत्रणावर तोच फोटो गेला. सगळ्यांना आवडला, मलाही आवडतो. ताईला मी मूळ फाइलही जपून ठेवायला सांगितलंय, बिस्कीट, चुरा, तीट आणि तिच्या हातासकट. चिमी मोठी झाल्यावर दोन्ही बघेल.

तुमच्या घरचा असा एखादा फोटो काढून बसा आणि वरच्या चार नोंदी करून बघा. आईला किंवा आजीला शेजारी बसवा, कारण चौकटीबाहेर कोण उभं होतं हे बहुधा त्यांनाच आठवतं. पुढच्या वेळी अशा आठवणींची मुलाखत कशी घ्यायची, त्यावर लिहिते.